आडनावाबरोबर मिळालेला क्लब

१८ ऑगस्ट २०१९. बर्लिनच्या पूर्व भागातला युनियन बर्लिन हा क्लब त्या दिवशी पहिल्यांदाच बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळायला उतरणार होता. सामन्याआधी स्टँडमधल्या शेकडो लोकांनी मोठे फोटो डोक्यावर उंच धरले. त्यात एकही खेळाडू नव्हता. कुणाचे वडील होते, कुणाची आई, कुणाचे आजोबा, कुणाचा जुना मित्र. आयुष्यभर या क्लबमागे उभी राहिलेली आणि हा दिवस उजाडायच्या आत गेलेली माणसं. उपक्रमाच्या जर्मन नावाचा अर्थ साधारण 'अखेर आम्हीही हजर' असा होतो. सामना युनियन ०-४ असा हरला.

समोरचा संघ आरबी लाइपझिगचा होता. एका एनर्जी ड्रिंक कंपनीने २००९ साली उभा केलेला क्लब. पैसा, खेळाडू, प्रशिक्षक, सगळं त्यांच्याकडे सरस होतं. पण अवघ्या दहा वर्षांच्या क्लबकडे असे फोटो कुठून येणार? ते जमायला दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात.

फुटबॉलमध्ये 'चाहता' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. एखाद्या खेळाडूचा चाहता असणं आणि एखाद्या क्लबचं असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात आवडीचा भाग असतो. दुसऱ्यात बहुतेक वेळा आवड विचारलीच जात नाही, क्लब आडनावासारखा जन्माबरोबर येतो. हे कसं होतं, आणि त्यात गावाचा वाटा किती नि घराचा किती, ते बघायचं तर इंग्लंडमधल्या शनिवार दुपारपासून सुरुवात करायला हवी.

१८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रियांचं आणि मुलांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवायला लावलं. हळूहळू इतर धंद्यांतही अर्ध्या दिवसाची ही सुट्टी रुळली. आठवड्याचा पगार खिशात, हातात मोकळी दुपार आणि आसपास एकाच वस्तीत दाटीने राहणारे हजारो कामगार. क्लब निघाले ते यांच्यातूनच. मँचेस्टर युनायटेड १८७८ साली रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांनी न्यूटन हीथ या नावाने सुरू केला. आर्सेनल १८८६ साली वूलिचच्या दारूगोळा कारखान्यात जन्मला, वेस्ट हॅम १८९५ साली थेम्स नदीकाठच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात. एव्हर्टनची सुरुवात चर्चच्या संघातून झाली. १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा ते सगळे उत्तर आणि मध्य इंग्लंडच्या औद्योगिक पट्ट्यातले होते.

त्या काळात कोणता क्लब 'निवडावा' असा प्रश्नच कुणाला पडत नसे. जिथवर पायी जाता येईल ते मैदान आपलं. गोलकीपर शेजारच्या गल्लीत राहायचा, सेंटर फॉरवर्डचा भाऊ आपल्याच खात्यात कामाला असायचा. परगावच्या सामन्याला जाणं परवडत नसे, त्यामुळे दर शनिवारी तेच मैदान, तीच जागा, आजूबाजूला तेच चेहरे. घरचे पोरांनाही घेऊन जात. तिकिटाचे पैसे वाचावेत म्हणून लहान पोराला फिरत्या फाटकावरून उचलून पलीकडे उतरवायची पद्धत तर इंग्लंडभर होती. पोराला ऑफसाइड काय असतं ते कळायच्या आत त्याला 'आपण' म्हणजे कोण हे कळलेलं असायचं.

हा 'आपण' शब्द महत्त्वाचा आहे. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर अमेरिकी विद्यापीठांत एक साधा प्रयोग केला. तिथला फुटबॉल वेगळा, पण माणसं तीच. विद्यापीठाचा संघ जिंकला की सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून वर्गात येत. फोनवर सामन्याबद्दल विचारलं, तर जिंकल्यावर 'आपण जिंकलो' आणि हरल्यावर 'ते हरले' असं बोलण्याकडे कल दिसला. यशाच्या उन्हात सगळ्यांनाच बसायचं असतं, ढग आले की माणूस हळूच बाजूला सरकतो.

पण सगळेच सरकत नाहीत. डॅनियल वान आणि नायला ब्रॅन्सकॉम्ब यांनी १९९० साली दाखवलं, की ज्यांनी संघाला स्वतःच्या ओळखीचा भाग मानलेलं असतं, ते पराभवानंतरही संघाशी नातं तोडत नाहीत. गाव आणि घर यांचं काम इथे दिसतं. एखादा संघ चांगला खेळतो म्हणून मी त्याच्या मागे लागलो असेन, तर तो वाईट खेळू लागल्यावर माझं कारणच संपतं. पण मी त्याच्यामागे आहे ते माझी आई मला तिथे घेऊन जायची म्हणून, तर संघ दोन विभाग खाली घसरला तरी ते कारण जागच्या जागी राहतं. आई मला तिथे घेऊन जायची ही गोष्ट काही गुणतक्त्यावर अवलंबून नाही.

इथे 'आई' मी मुद्दाम लिहिलं आहे. फुटबॉलच्या वारशाची गोष्ट नेहमी बाप आणि मुलगा यांची म्हणून सांगितली जाते, आणि त्यात आया, आज्या, मावश्या गायब होतात. युनियनच्या स्टँडमधले फोटो तरी पुन्हा एकदा बघावेत.

वय हाही एक धागा आहे. सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने २०१४ मध्ये फेसबुकवरच्या पसंतीची माहिती घेऊन बेसबॉलच्या चाहत्यांची जन्मवर्षं तपासली. मुलगा साधारण आठ वर्षांचा असताना जो संघ अजिंक्य ठरला, त्याच्या बाजूने आयुष्यभराचं पारडं झुकलेलं दिसलं. म्हणजे यशाचाही परिणाम होतो, नाही असं नाही, पण तो मुख्यतः एका ठरावीक खिडकीतून आत येतो. आणि आठव्या वर्षी ती खिडकी कुणाच्या घराच्या भिंतीला असते? त्या वयात टीव्हीवर कोणता सामना लागणार, मैदानावर कुणाबरोबर जायचं, वाढदिवसाला कोणत्या रंगाची जर्सी येणार, हे सगळं मोठी माणसं ठरवतात. बाळकडू म्हणतात ते हेच.

आता गाव आणि घर एकमेकांच्या विरोधात गेले तर? त्यासाठी लिव्हरपूलसारखं दुसरं शहर नाही.

१८८४ पासून एव्हर्टन अ‍ॅनफील्ड मैदानावर खेळायचा. १८९२ साली जॉन हॉल्डिंग या प्रभावी व्यावसायिकाशी भाड्यावरून आणि मैदानाच्या मालकीवरून वाद पेटला. एव्हर्टन सामान उचलून स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गूडिसन पार्कला गेला. हॉल्डिंगकडे मैदान उरलं आणि संघ नाही, म्हणून त्याने नवा संघ काढला. तोच लिव्हरपूल एफसी. दोन्ही मैदानांमध्ये एक बाग, चालत जाता येईल एवढं अंतर होतं. त्यामुळे एकाच गल्लीत, एकाच घरात दोन्ही क्लब शिरले. बऱ्याच घरांत एक भाऊ लाल (लिव्हरपूलचा), दुसरा निळा (एव्हर्टनचा). पूर्वी तर काही जण एका शनिवारी इकडे आणि पुढच्या शनिवारी तिकडे जात. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत, म्हणजे लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या त्या चेंगराचेंगरीत, जिने अखेर ९७ जणांचा जीव घेतला, शोक सबंध शहराचा होता आणि त्यात एव्हर्टनची घरंही सामील होती. या दोन क्लबांतलं वैर खरं आहे, अलीकडे ते जास्त कडवट झालंय अशी तक्रारही ऐकू येते. तरी ते भावकीतलं वैर आहे. भावकीतलं भांडण परक्याच्या भांडणापेक्षा सौम्य असतं असं माझं म्हणणं नाही. त्याला वेळापत्रक असतं एवढंच, सामना संपला की एकाच घरी परतायचं असतं.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये असं घडलं नाही. तिथे क्लबाने आधीपासून असलेल्या रेषेवरूनच आणखी एक रेघ ओढली. ब्रदर वॉलफ्रिड या कॅथलिक धर्मसेवकाने १८८७ साली सेल्टिकची स्थापना केली, ती शहराच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या मदतीला पैसा उभा राहावा म्हणून. १८७२ पासून असलेला रेंजर्स पुढे प्रोटेस्टंट समाजाशी जोडला गेला. लग्नं आपापल्या समाजात, शाळा वेगळ्या, मग क्लबही वेगळा. मो जॉन्स्टन हा एके काळी सेल्टिककडून खेळलेला कॅथलिक खेळाडू १९८९ मध्ये रेंजर्सने घेतला तेव्हा दोन्हीकडचे लोक भडकले, स्कार्फ जाळले गेले. इथे घर आणि समाज इतके एकजीव झालेत, की क्लब कुठून आला हे सोडवून दाखवताच येत नाही.

कोलकात्याचं उदाहरण माझ्या मते याहून चकित करणारं आहे. मोहन बागान १८८९ चा. १९११ मध्ये त्याने ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हापासून तो केवळ एक संघ राहिला नाही. ईस्ट बेंगाल १९२० चा, पूर्व बंगालमधून शहरात आलेल्यांना आपला वाटणारा. मग १९४७ आलं आणि त्या क्लबाच्या नावातला प्रदेशच दुसऱ्या देशात गेला. निर्वासित म्हणून आलेल्या लाखोंच्या हाती मूळ गावाची जमीन राहिली नाही, परतीचा रस्ता राहिला नाही. क्लबाच्या नावात मात्र तो प्रदेश राहिला. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते 'घोटी', पलीकडून आलेले ते 'बांगाल', आणि दर डर्बीला, म्हणजे या दोन क्लबांच्या सामन्याला, हा भेद नव्याने उजळतो. आज त्या स्टँडमध्ये लाल-पिवळा झेंडा घेऊन नाचणाऱ्या पोराने पूर्व बंगाल कधी पाहिलेलाही नसतो. बहुधा त्याच्या वडिलांनीही नाही.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. स्थानिक नातं आणि कौटुंबिक नातं अशी दोन खाती पाडून आपण विचार करतो, पण काळाच्या ओघात एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं. पहिली पिढी मैदानाजवळ राहते म्हणून क्लबची होते. दुसरी पिढी घर बदलते. तिसरी पिढी क्लबची असते ती केवळ पहिल्या पिढीमुळे, आणि तिच्या दृष्टीने क्लब म्हणजेच ते सुटलेलं गाव असतं.

वेस्ट हॅममध्ये हे अगदी उघड्यावर दिसतं. ज्या जहाज कारखान्यातून क्लब निघाला तो १९१२ मध्येच बंद पडला. महायुद्धानंतर पूर्व लंडनमधली असंख्य कुटुंबं शेजारच्या एसेक्समध्ये नव्या घरांत राहायला गेली. जुन्या वस्तीत नवे लोक आले. तरीही अनेक दशकं दर सामन्याला एसेक्सहून गाड्या भरून लोक क्लबाच्या अप्टन पार्क मैदानावर येत राहिले, आजी-आजोबांच्या रस्त्यांवरून चालत. क्लबाच्या बोधचिन्हावर आजही रिव्हेट ठोकायचे दोन हातोडे आहेत. रिव्हेट ठोकणारा घरात कुणी उरलेला नसला तरी. २०१६ मध्ये क्लब तिथून काही किलोमीटरवरच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये गेला तेव्हा अनेकांचा जीव तुटला. अंतर किरकोळ होतं. पण एसेक्सला राहणाऱ्यांचा जुन्या वस्तीशी उरलेला शेवटचा धागा ते मैदान होतं.

ब्युनोस आयर्समधल्या सान लोरेन्सोची हकीकत तर याच्याही पुढची. बोएदो वस्तीतलं त्याचं जुनं मैदान लष्करी राजवटीच्या काळात, १९७९ मध्ये हातचं गेलं आणि पुढे त्या जागी सुपरमार्केट उभं राहिलं. क्लब बरीच वर्षं इतरांच्या मैदानांवर खेळला, १९९३ मध्ये दुसऱ्या वस्तीत त्याला स्वतःचं स्टेडियम मिळालं. व्यवहारी माणूस म्हणेल, झालं की मग! पण चाहत्यांनी मोर्चे काढले, आणि २०१२ मध्ये शहराच्या विधिमंडळाने जमीन परत मिळण्याचा मार्ग मोकळा करणारा कायदा केला. ती विकत घेण्यासाठी लोकांनी चौरस मीटरच्या हिशेबाने पैसे भरले. मोर्च्यातल्या अनेक तरुणांनी ते मैदान फक्त घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेलं होतं.

काही क्लब हे नातं नशिबावर सोडत नाहीत, नियमात बसवतात. बार्सिलोना हा सदस्यांच्या मालकीचा क्लब. तिथे जन्मलेल्या बाळाला लगेच सदस्य करून घेण्याची रीत आहे, आणि २०१० नंतर काही काळ तर नवा सदस्य व्हायचं असेल तर आधीच्या सदस्याशी नातं असणं ही एक अट होती. जर्मनीत १९९८ पासूनच्या '५०+१' नियमामुळे बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सदस्यांकडेच राहतं. युनियन बर्लिनने २००८-०९ मध्ये स्टेडियम नव्याने बांधलं तेव्हा दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी फुकट राबून काम केलं. ज्या पायऱ्यांचं काँक्रीट स्वतः ओतलं त्यावर उभं राहून पोराला सामना दाखवणं, हे सीझन तिकिटापलीकडचं आहे.

स्पेनमधल्या बिल्बाओच्या अ‍ॅथलेटिक क्लबने स्थानिकपणा थेट संघनिवडीतच आणला. शंभराहून जास्त वर्षं तो बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथल्या फुटबॉलमध्ये घडलेले खेळाडूच खेळवत आला आहे. जगभरातून खेळाडू विकत घेण्याच्या जमान्यात हे म्हणजे एक हात मागे बांधून कुस्ती. तरी १९२९ मध्ये स्पॅनिश लीग सुरू झाल्यापासून हा क्लब कधीही खालच्या विभागात गेलेला नाही. असा विक्रम त्याच्याशिवाय फक्त रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचाच. २०२४ मध्ये चाळीस वर्षांनी त्याने स्पॅनिश कप जिंकला आणि जुन्या प्रथेप्रमाणे खेळाडूंना मालवाहू तराफ्यावर बसवून नदीतून मिरवलं. १९८४ ची मिरवणूक पाहिलेले लोक नातवंडांना घेऊन काठावर उभे होते.

मात्र बिल्बाओ बघून 'स्थानिक' म्हणजे 'रक्ताचे' असा अर्थ काढण्याची घाई करू नये. त्याच संघातले इन्याकी आणि निको विल्यम्स हे भाऊ घानाहून आलेल्या आईबापांची मुलं. इन्याकी बिल्बाओत जन्मला, निको पाम्प्लोनात. देशाकडून खेळताना इन्याकीने घाना निवडलं, निकोने स्पेन. क्लब दोघांचा एकच. गाव माणसाला आपलं म्हणतं ते वंशावळ तपासून नाही, तिथल्या मातीत खेळून मोठं झाल्यावर.

मग हजारो मैल दूर बसून पहाटे उठून सामने बघणाऱ्यांचं काय? त्यांना 'खरे चाहते' मानायचं नाही, अशी एक टवाळखोर वृत्ती जुन्या चाहत्यांमध्ये असते. मला ती उथळ वाटते. दूरचा चाहता म्हणजे पहिल्या पिढीचा चाहता. त्याने क्लब यश पाहून निवडला असेल, एखाद्या खेळाडूपायी निवडला असेल, त्यात काही बिघडत नाही. खरी परीक्षा त्याच्या मुलांच्या वेळी होते. तो आठ वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन हरलेले सामनेही बघत असेल, तर त्या मुलीच्या बाबतीत निवडीचा प्रश्न संपला. तिच्यासाठी क्लब घरातूनच आलेला असेल, त्यात गाव नसलं तरी. गाव कधीच नव्हतं असा कौटुंबिक वारसा किती पिढ्या टिकतो, हे कळायला अजून काही दशकं जावी लागतील.

जुन्या घरांपुढची अडचण वेगळी आहे. हिल्सबरोनंतर १९९० च्या टेलर अहवालामुळे इंग्लंडच्या मोठ्या मैदानांवर उभं राहून सामना बघायची जागा गेली, सगळीकडे खुर्च्या आल्या. मैदानं सुरक्षित झाली, ते हवंच होतं. पण पुढच्या काळात तिकिटंही महागली, आणि ऐन वेळी पोराला घेऊन मैदानावर जाणं अवघड होऊन बसलं. साखळी कुठे तुटेल तर ती इथे, फाटकाशी.

क्लबच गाव सोडून गेला तर काय होतं, याची दोन उत्तरं लंडनने दिली आहेत. आर्सेनल १९१३ मध्ये वूलिचचा परिसर सोडून नदीपलीकडे उत्तर लंडनमध्ये गेला आणि तिथे भक्कम रुजला. विम्बल्डन एफसीला मे २००२ मध्ये सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली, आणि त्याचे जवळजवळ सगळे चाहते मागेच राहिले. फरक कशाचा? अंतराचा आहेच. पण मला वाटतं वयाचाही आहे. स्थलांतराच्या वेळी आर्सेनल २७ वर्षांचा होता, 'आजोबांचा क्लब' म्हणावं इतकाही जुना नाही. विम्बल्डन ११३ वर्षांचा होता.

मागे राहिलेल्यांनी काही आठवड्यांतच एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला. खेळाडू निवडायला विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर खुली चाचणी ठेवली, कुणीही यावं आणि खेळून दाखवावं. इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या पायरीपासून सुरुवात करून २०११ मध्ये ते पुन्हा फुटबॉल लीगमध्ये पोचले. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून जिंकलेल्या एफए कपची प्रतिकृती आणि जुन्या आठवणींच्या वस्तू मिल्टन कीन्सच्या क्लबाने २००७ मध्ये विम्बल्डनच्या स्थानिक प्रशासनाकडे परत केल्या.

राहिलं होतं मैदान. विम्बल्डनचं जुनं मैदान, प्लाऊ लेन, १९९१ मध्येच सुटलं होतं. जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर नवं प्लाऊ लेन बांधायचं ठरलं आणि पैसे कमी पडले, तेव्हा चाहत्यांनी रोखे विकत घेऊन लाखो पौंड उभे केले. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे पहिला सामना झाला. करोनाचे निर्बंध होते, स्टँड रिकामे. ज्यांनी पैसे घातले ते घरात स्क्रीनसमोर बसले होते, शेजारी जुनं प्लाऊ लेन कधी न पाहिलेली मुलं घेऊन, आणि कॅमेरा फिरला की जुनं मैदान नेमकं कुठल्या बाजूला होतं ते त्यांना दाखवत होते.